भटकंती सवाल-जवाब: चिखलदरा, मेळघाट आणि न दिसलेला वाघ

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की विदर्भातल्या माणसाचं महाबळेश्वर म्हणजे आमचं चिखलदरा, एकदा येऊन तर बघा. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. मी अमरावतीची, त्यामुळे थोडं कौतुक जास्त होईल, ते तुम्ही सांभाळून घ्या. जिथे शिव्या घालायच्यात तिथे घातल्याही आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही सहा जण पुण्याहून १५ ऑगस्टच्या लाँग वीकेंडला चिखलदऱ्याला यायचं म्हणतोय. धबधबे, धुकं आणि जंगल सफारी, वाघ, असं सगळं दोन दिवसांत होईल ना? – एक वाचक, कोथरूड

नाही होणार. आणि हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, आलेल्या मेलपैकी निम्म्या मेलमध्ये हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चिखलदरा गाव आणि मेळघाटचं जंगल या एकमेकांना चिकटलेल्या पण दोन वेगळ्या ट्रिपा आहेत, त्यांचे सीझनही वेगळे. गाव डोंगरावर, साधारण ११०० मीटर उंचीवर, त्याची खरी मजा जुलै ते सप्टेंबर, म्हणजे धुकं इतकं की समोरच्या टपरीवाल्याचा आवाज येतो पण टपरी दिसत नाही. आणि नेमकं तेव्हाच मेळघाटच्या कोअरमधली, म्हणजे आतल्या राखीव गाभ्यातली, सफारी बंद असते, ती ऑक्टोबरात परत उघडते (तारीख दरवर्षी बघून घ्यायची). बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, एखादी सफारी चालू असली तरी ऑगस्टमध्ये गवत माणसाच्या कमरेएवढं, पाणी जागोजागी, मग जनावर कशाला बापडं रस्त्यावर येऊन तुम्हाला दर्शन देईल. उलट मे महिन्यात या तर जंगल उघडं पडलेलं, पाणवठ्यावर हालचाल, पण धबधब्यांच्या जागी नुसते काळे कातळ, आणि मग लोक फोन करून मला विचारतात की ते फोटोतलं पाणी कुठे गेलं!

तर ठरवा आधी. धुकं हवं असेल तर ऑगस्ट, पण लाँग वीकेंड सोडून. त्या तीन दिवसांत घाटात गाड्यांची जी रांग लागते त्यात मी एकदा चार तास काढलेत, मागच्या सीटवर दोन उलट्या करणारी पोरं घेऊन. मंगळवार-बुधवारी या, हेच गाव शहाण्यासारखं वागतं. जंगल हवं असेल तर नोव्हेंबर ते मे, त्यातही फेब्रुवारीनंतर. मग मुक्काम गावात नाही, खाली सेमाडोह किंवा कोलकासला करा. कोलकासचं वनविभागाचं विश्रामगृह सिपना नदीच्या वर आहे, तिथल्या व्हरांड्यात बसून नुसती नदी बघितली तरी पैसे वसूल, हे माझं प्रामाणिक मत.

आणि वाघाबद्दल एकदाच सांगते. मेळघाट म्हणजे ताडोबा नाही. व्याघ्र प्रकल्प देशात १९७३ ला सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, महाराष्ट्रातला पहिला हाच. पण इथला भूगोल वेगळा, सातपुड्याचे उभे चढ, खोल दऱ्या, सागाचं दाट जंगल आणि ते पसरलंय अडीच हजार चौरस किलोमीटरच्या वर. वाघ आहेत, व्यवस्थित आहेत, त्यांना लपायला जागाही व्यवस्थित आहे. ताडोब्यात सपाटीवर तलावाकाठी वाघीण पिल्लं घेऊन बसलेली दिसते तसं इथे क्वचित. रानगवा, अस्वल, सांबर, भेकर, नशीब असेल तर रानकुत्र्यांची टोळी किंवा चौसिंगा, हे इथलं खरं देणं. मागे एका एजंटने माझ्या बहिणीला 'टायगर गॅरंटी' म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते, दोन दिवसांत दिसली ती माकडं. जिप्सीवाल्याला ती रागावली तर तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, वाघ का आपल्या घरचा हाय का?" त्याचं काय चुकलं?

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, आणि गेटला आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी ते आधी बघा. मी स्वतः एकदा सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला गेटवर जाऊन उभी राहिलेय, त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा आहे.

प्रश्न: मुंबईहून कसं यायचं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, चालणं फार जमत नाही. – एक वाचक, डोंबिवली

मुंबईहून अमरावती एक्सप्रेस, आम्ही तिला अंबा एक्सप्रेसच म्हणतो, रात्रभर झोपा आणि सकाळी अमरावतीत उतरा. दुसऱ्या गाडीने आलात तर बडनेऱ्याला उतरा, अमरावतीला लागूनच आहे. तिथून परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा, सगळं मिळून ८०-८५ किलोमीटर, एसटी आहे, टॅक्सी मिळते. परतवाड्यात पेट्रोल भरून घ्या, एटीएममधून पैसे काढून घ्या, आणि कोणाला फोन करायचा असेल तर तोही करून घ्या, कारण पुढे सेमाडोहकडे वळलात की रेंज येते-जाते करते.

सासूबाईंसाठी म्हणाल तर बहुतेक पॉइंटच्या जवळपर्यंत गाडी जाते. पंचबोल, भीमकुंड, हरिकेन पॉइंट, मोझरी पॉइंट, इथे थोडं चालून कठड्यापाशी उभं राहायचं. देवी पॉइंटला मात्र पायऱ्या आहेत, देवी खाली कातळात आहे आणि वरून पाणी झिरपत असतं, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. त्यांना दर्शनाची ओढ असेल तर सकाळी लवकर न्या, गर्दी नसताना, हळूहळू, कोणाचा तरी हात धरून. नाहीतर वरूनच हात जोडायला सांगा, देवी समजून घेते, माझ्या आईचं घेतलं होतं. चंद्रभागा नदी तिथून निघते (पंढरपूरची नव्हे, ही आमची वेगळी) हे त्यांना सांगा, बरं वाटेल.

स्वेटर आणाच. डिसेंबर-जानेवारीत तर आणाच, पण मे महिन्यात खाली अमरावती-अकोला ४४-४५ ने भाजत असतं तेव्हाही वर संध्याकाळी अंगावर शाल लागते.

प्रश्न: गावात खूप चिखल असतो म्हणून चिखलदरा का? – एक वाचक, नाशिक

पावसाळ्यात पार्किंगला गेलात तर तसंच वाटेल. पण इथली गोष्ट वेगळी आहे. विराटाच्या घरी पांडव अज्ञातवासात असताना भीमाने कीचकाला मारलं आणि या दरीत फेकून दिलं, म्हणून कीचकदरा, त्याचं होता होता चिखलदरा. भीमाने मग ज्या कुंडात हात धुतले ते भीमकुंड. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला वैराट आहेच, अमरावती जिल्ह्यातलं सगळ्यात उंच ठिकाण. आता विराट राजाच्या नगरीवर देशात इतर गावंही हक्क सांगतात, पण आमच्याकडे दरीसुद्धा आहे ना पुरावा म्हणून!

इंग्रजांच्या कागदात मात्र श्रेय १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनला दिलेलं आहे, की त्याने हे ठिकाण शोधलं. कोरकू आदिवासी आणि गवळी तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते, त्यांना शोधावं लागलं नव्हतं.

कॉफी हवी असेल तर इथली प्या, इंग्रजांनी लावलेल्या बागा अजून आहेत, आणि महाराष्ट्रात कॉफी म्हणजे चिखलदराच. जवळच्या मोथा गावचा खवा घेतल्याशिवाय घाट उतरू नका. तिकडे स्ट्रॉबेरीपण लावतात आता, हिवाळ्यात मिळते.

प्रश्न: मी पक्षी बघते. मेळघाटात रानपिंगळा दिसतो असं ऐकलंय. दोन दिवसांत शक्य आहे का आणि साध्या पिंगळ्यापासून ओळखायचा कसा? – एक वाचक, ठाणे

अहो तुमचा मेल वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू, वाघ सोडून काहीतरी विचारणाऱ्या तुम्ही एकट्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट थोडक्यात. १८७२ ते १८८४ या काळात या छोट्या घुबडाचे जेमतेम सात नमुने इंग्रजांनी गोळा केले, आणि त्यानंतर हा पक्षी कोणाला नीटसा दिसलाच नाही. मध्ये मेनर्ट्झहागन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाला म्हणून नमुना दाखवला, त्यामुळे सगळे तिकडे शोधत बसले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी छडा लावला की तो नमुना चक्क म्युझियममधून चोरलेला आणि नवीन चिठ्ठी लावलेला होता! मग खोटी जागा सोडून जुन्या खऱ्या जागा त्यांनी धुंडाळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी, भर सकाळी एका उघड्या झाडावर हा बसलेला सापडला. नंतर तो मेळघाटातही मिळाला, आणि आज त्याच्या मोजक्या घरांपैकी हे एक मोठं घर आहे.

ओळखायचं असं, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, याचं डोकं जवळपास कोरं. छाती सरसकट तपकिरी, खाली पोट स्वच्छ पांढरं, पंजे अंगाच्या मानाने दांडगे. आणि मुख्य म्हणजे हा दिवसा कामावर असतो. हिवाळ्यात सकाळी ऊन पडलं की विरळ सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, शेपटी झटक्याने हलवतो. त्यामुळे दाट जंगलात नका शोधू, सागाचं मोकळं रान आणि त्याच्या कडा बघा.

दोन दिवसांत? जमू शकतं, नाहीही जमणार. वाटाड्या स्थानिक घ्या, त्याला झाड माहीत असतं. एक विनंती, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. पक्षी आपला इलाका राखायला धावत येतो, खाणंपिणं सोडून येतो, पिल्लं सोडून येतो, आणि आपण फोटो काढून निघून जातो. लोक करतात, माझ्या डोळ्यांदेखत केलंय, आणि मी भांडलेही आहे.

प्रश्न: हॉटेलवाल्याने सांगितलं रात्री बाहेर फिरू नका, अस्वल येतं. खरं आहे की घाबरवतात? – एक वाचक, नागपूर

खरं आहे. गावाच्या चहूबाजूंनी जंगल आहे, कुंपण नाही. बिबट्याही येतो पण तो आपल्याला टाळून जातो, माझी भीती अस्वलाची जास्त. त्याला कमी दिसतं, नाक खाली घालून वारुळं उकरत असलं की ऐकूही येत नाही, आणि मग आपण अचानक समोर उभे राहिलो की ते दचकून अंगावर येतं. म्हणून अंधार पडायच्या आधी पॉइंटवरून परत फिरा, पहाटे एकट्याने मॉर्निंग वॉक नको, आणि चालताना गप्पा मारत चला म्हणजे त्याला कळतं कोणीतरी येतंय. (जंगलात शांत राहा हा नियम जिप्सीत बसलेल्यांसाठी आहे, पायी चालणाऱ्यांसाठी नाही, लोक उलटं करतात.)

मार्च-एप्रिलमध्ये जास्त जपा. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती अस्वलाला प्रिय, आणि त्याच पहाटे गावातल्या बायका टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात. आपण ट्रिपला आलेले, आपण घरात झोपू शकतो. त्यांचं वर्षाचं गणित त्या फुलांवर असतं, त्यामुळे त्या जातात आणि दरवर्षी कोणीतरी जखमी होतं.

आणि कृपा करून पॉइंटवरच्या माकडांना कुरकुरे देऊ नका. आज दिलं की उद्या ते मागत नाही, हिसकावतं.

प्रश्न: मेळघाटात कुपोषण आहे असं वाचतो. आम्ही येताना मुलांसाठी चॉकलेट, बिस्किटं, जुने कपडे आणले तर वाटता येतील का? – एक वाचक, संभाजीनगर

तुमच्या मनात चांगलं आहे म्हणून रागावत नाही, पण नका आणू. १९९३ साली बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हापासून बाहेरच्यांच्या डोक्यात मेळघाट म्हणजे कुपोषण एवढंच बसलंय. प्रश्न खरा आहे, आजही संपलेला नाही, पण तो गाडीच्या खिडकीतून फेकलेल्या चॉकलेटने सुटत नाही. उलट पोरं शाळा सोडून रस्त्यावर उभी राहायला शिकतात, घाटात गाड्यांमागे धावतात. जे डॉक्टर लोक इथे येऊन राहिले, बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे ज्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी आयुष्यातली वर्षं दिली तेव्हा थोडा फरक पडला.

पैसे खर्चच करायचे असतील तर इथे खर्च करा. धारणीजवळ लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं बांबू केंद्र आहे, कोरकू कारागिरांच्या हातच्या वस्तू, राख्यासुद्धा बांबूच्या. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, काम चालू आहे. चिखलदऱ्याजवळ आमझरीला मध घ्या, त्या गावाची ओळखच आता मधाचं गाव अशी आहे. गाइड गावातला घ्या. कुटकीचा, म्हणजे इथल्या बारीक भरडधान्याचा, भात कुठे मिळाला तर खा, आणि बिल देताना घासाघीस करू नका.

कोरकू माणसाला 'आदिवासी आहे, फोटो काढूया' असं वागवू नका एवढंच. त्यांची भाषा मुंडा कुळातली आहे, म्हणजे झारखंडच्या संथाली-मुंडारीची बहीण, मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. ती बोलणारा माणूस तुमच्याशी त्याच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भाषेत बोलत असतो, त्यामुळे कमी बोलला तर लगेच लाजाळू समजू नका. होळीच्या दिवसांत आलात तर फार बघण्यासारखं असतं, बाहेर मजुरीला गेलेले सगळे तेव्हा घरी परत येतात, मेघनाथाची यात्रा, ढोलकी-बासरीवर नाच, आणि रस्त्यात गाडी अडवून फगवा मागतात. खंडणी नाही ती, सण आहे, सुटे पैसे ठेवा आणि हसून द्या.

प्रश्न: मी नववीत आहे. बाबा म्हणतात गाविलगडावर काही नाही, नुसते दगड आहेत. खरं का? – एक वाचक, अकोला

बाबांना माझा नमस्कार सांग आणि १५ डिसेंबर १८०३ ही तारीख सांग. आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच, त्याच्या फौजेने त्या दिवशी नागपूरकर भोसल्यांचा, चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला घेतला. दक्षिणेकडून चढणं अवघड म्हणून त्याच्या जोडीदाराने, कर्नल स्टीव्हनसनने, तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. बाहेरचा कोट फुटला तरी आतला उभाच होता, मग कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिडी लावून तो चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचा पश्चिम वऱ्हाड गेला. त्यामुळे ते दगड आहेत, पण त्यातल्या बऱ्याच दगडांवर आपल्या वऱ्हाडचं नशीब फिरलंय.

आत मोठाले तलाव, मशीद, दरवाजे आहेत, दिल्ली दरवाज्यावरची कोरीव शिल्पं नीट बघ. गवत वाढलेलं असतं, बूट घाल, आणि ऊन उतरायच्या आत बाहेर ये, अस्वलाबद्दल वर लिहिलंय ते वाच.

प्रश्न: आम्ही सिएटलला असतो, यलोस्टोनला दोनदा गेलो, स्वतःची गाडी, वाटेल तिथे थांबायचं, ट्रेल करायचे. मेळघाटात तसं करता येईल का? – एक वाचक

नाही येणार. तिथे नियम अंतराचा असतो, अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी जनावरांपासून २५. इथे कोअरमध्ये गाडीतून पाय खालीच ठेवायचा नाही, गाइड सोबत हवाच. एक तर आपला वाघ दबा धरणारा, त्याला यार्डाचा हिशोब नाही. पण परतवाडा-धारणी हा सार्वजनिक रस्ता जंगलातूनच जातो, तिथून तुमची गाडी घेऊन सावकाश चाला, काचा खाली करून. मला रानगवा पहिल्यांदा तिथेच दिसला, फुकटात.

प्रश्न: लहानपणी अकोल्याहून खंडव्याला जाणारी छोटी गाडी मेळघाटातून जायची. अजून आहे का? – एक वाचक, इंदूर

काका, नाही राहिली. मीटरगेज होती, १ जानेवारी २०१७ पासून ब्रॉडगेज करायला म्हणून बंद केली, आणि मग जंगलातून मोठी लाइन न्यायची की वळसा घालून बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. वाघांसाठी बाहेरूनच बरी हे मलाही पटतं. पण धूळघाटाचं ते वळण, गाडी डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच रुळांवरून वरून जायची आणि आम्ही पोरं खिडकीतून खालची लाइन बघायचो, ते आठवलं की पटलेलं सगळं दोन मिनिटं बाजूला राहतं.

प्रश्न: मला मचाणावर रात्र काढायची आहे. – एक वाचक, जळगाव

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग 'निसर्ग अनुभव' ठेवतो, पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून चांदण्यात जनावरं बघायची. नोंदणी आधी होते आणि जागा पटकन संपतात. पूर्वी याला गणना म्हणायचे, आता खरी मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते. तयारी एवढीच ठेवा, खाली उतरायचं नाही, अत्तर-डिओ नाही, वेफर्सची पिशवी नाही, आणि रात्री लघवीला लागली तर काय, हा विचार संध्याकाळीच करून पाणी बेताने प्या. मी गेले होते तेव्हा रात्री दोनला एक अस्वल आलं, पाणी प्यायलं आणि गेलं. बाकी वेळ डास. तरी पुढच्या वर्षी परत अर्ज भरला.

प्रश्न: सफारीत वाघ दिसला नाही तर पैसे परत मिळतात का? मी ९ वर्षांचा आहे. – एक वाचक, वाशीम

नाही मिळत राजा. पण तुला एक युक्ती सांगते. सकाळच्या सफारीत धुळीच्या रस्त्याकडे बघत राहा, वर नको, खाली. गाइडकाकांना सांग की मला पावलं दाखवा. वाघाचा ठसा गोलसर असतो, चार बोटं आणि मागे तळवा, आणि नखं उमटत नाहीत कारण तो ती आत ओढून चालतो, कुत्र्याची उमटतात. ठसा ताजा असला तर त्याच्या कडा धारदार दिसतात, म्हणजे तो तुझ्या आधी थोडाच वेळ तिथून गेला. मग गाडी बंद करायला सांग आणि ऐक. सांबर 'ढांक' करून ओरडलं तर समज की त्याला दिसलाय. तुला दिसला नाही तरी चालेल, त्याला तू दिसला असशील.